आठ शब्दजाती आणि मालवणी ‘वयर’

इंग्रजी वाक्यातील शब्दांच्या जाती ओळखण्याचा पाठ महाराष्ट्रातील शाळांत पिढ्यानपिढ्या चालत आला आहे. ज्या आठ जातींच्या चौकटीत तो दिला जातो, ती चौकट स्वयंसिद्ध आहे अशी शिकणाऱ्याची व पुष्कळदा शिकविणाऱ्याचीही समजूत असते. इतिहास मात्र तिला दुजोरा देत नाही.

डायोनिसिअस थ्रॅक्स याच्या नावावर असलेल्या ग्रीक व्याकरणात शब्दांचे आठ वर्ग सांगितले आहेत. त्यांत उपपदाचा वर्ग होता. लॅटिनमध्ये उपपद नाही. तेव्हा रोमन वैयाकरणांनी केवलप्रयोगी अव्ययाचा स्वतंत्र वर्ग करून आठ ही संख्या कायम राखली. इंग्रजीत उपपद पुन्हा अवतरले, आणि १७९५ साली प्रसिद्ध झालेल्या लिंडली मरे यांच्या व्याकरणात वर्ग नऊ झाले. दादोबा पांडुरंग तर्खडकर यांचे मराठी व्याकरण १८३६ साली निघाले. इंग्रजी व्याकरणाच्या धर्तीवर रचलेल्या या परंपरेत उपपद गळाले व नाम, सर्वनाम, विशेषण, क्रियापद आणि चार अव्यये अशी आठांची मांडणी रूढ झाली. याउलट यास्काने नाम, आख्यात, उपसर्ग व निपात असे चारच वर्ग मानले होते, तर पाणिनीने रूपाकडे पाहून सुबन्त व तिङन्त ही दोनच पदे मानली. सारांश, वर्गांची संख्या भाषेप्रमाणे आणि वर्गीकरणाच्या कसोटीप्रमाणे बदलते.

ही कसोटी कोणती, हाच खरा प्रश्न आहे. ‘वस्तूचे नाव ते नाम’ ही अर्थावर बेतलेली व्याख्या इंग्रजीत फार दूर जात नाही. ‘द सेल टोअर’ या वाक्यात ‘सेल’ म्हणजे शीड, म्हणून ते नाम. ‘दे सेल ॲट डॉन’ यात तोच शब्द क्रियापद होय. शब्दाचे रूप तेच राहते. त्याची जात वाक्यातील स्थानावरून ठरते. ‘सेल म्हणजे शीड’ एवढे पाठ केलेला विद्यार्थी दुसऱ्या वाक्यात अडतो, याचे कारण त्याच्या मंदबुद्धीत नसून व्याख्येत आहे.

मालवणच्या किनाऱ्यावरील विद्यार्थ्याजवळ या अडचणीवरचा एक उपाय आधीच असतो. ‘ही क्लाइम्ड अप द ट्री’ आणि ‘ही क्लाइम्ड अप’ या वाक्यांत ‘अप’ अनुक्रमे शब्दयोगी व क्रियाविशेषण आहे. प्रमाण मराठीत ‘तो माडावर चढला’ आणि ‘तो वर चढला’ येथेही ‘वर’ दोन्हीकडे एकच दिसतो. मालवणीत मात्र ‘तो माडार चडलो’ आणि ‘तो वयर चडलो’ अशी रूपे होतात. संस्कृत ‘उपरि’शी नाते असलेला एकच शब्द एका ठिकाणी झिजून प्रत्ययवत् ‘र’ झाला, तर दुसऱ्या ठिकाणी स्वतंत्र ‘वयर’ राहिला. इंग्रजी जो भेद स्थानाने दाखविते, तो मालवणी रूपाने दाखविते. ‘माडार’मधील ‘र’ला शब्दयोगी म्हणावे की विभक्तिप्रत्यय, या प्रश्नावर आठांची चौकट निरुत्तर होते, ही गोष्टही ध्यानात घेण्याजोगी आहे.

रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांचा जन्म १८३७ साली मालवण येथेच झाला. (मालवण त्या काळी रत्नागिरी जिल्ह्यात होते, सिंधुदुर्ग जिल्हा १९८१ साली झाला.) त्यांनी १८७७ साली दिलेल्या विल्सन भाषाशास्त्रीय व्याख्यानांत देशभाषांतील जुन्या व्याकरणरूपांचे अवशेष व नव्या घडणी यांचा ऐतिहासिक विचार केला आहे. अशा दृष्टीने पाहता ‘माडार’ हे अशुद्ध रूप ठरत नाही, तर भाषेच्या नियमबद्ध परिवर्तनाचा पुरावा ठरते.

वर्गात मात्र बोलीतील रूप प्रथम खोडले जाते आणि मग शब्दजातींचा पाठ सुरू होतो. विद्यार्थ्याला जो भेद मुखोद्गत आहे, तोच त्याला परकीय उदाहरणांनी नव्याने शिकवावा लागतो. ‘माडार’ व ‘वयर’ हे दोन शब्द फळ्यावर शेजारी लिहून ‘अप’चा पाठ आरंभिला, तर शब्दाची जात प्रयोगात पाहावयाची असते हे तत्त्व व्याख्या न सांगताही त्याच्या ध्यानी येईल.