पाणवनस्पतींची मांडणी (घरगुती मत्स्यटाकी)

काचेच्या टाकीत जिवंत पाणवनस्पती, दगड, लाकूड आणि वाळू यांची देखणी रचना करण्याची कला. डच शैलीत भर असतो तो झाडांवरच. निरनिराळ्या रंगांचे आणि पानांचे ताटवे शेजारी शेजारी लावतात आणि त्यांच्या तिरक्या रांगा मागे नेऊन खोलीचा भास आणतात. जपानी छायाचित्रकार ताकाशी आमानो (१९५४–२०१५) यांनी रुजवलेल्या शैलीत विषम संख्येतले दगड आणि त्यांच्या पायथ्याशी बुटके गवत एवढ्यावरही काम भागते. मात्र सर्वांत मोठा दगड कधीच मधोमध येत नाही.

बीड जिल्ह्यातल्या तेलगावात शैलीआधी पाणी पाहावे. काळ्या पाषाणाच्या या मुलखात बोअरचे पाणी बहुधा जड असते. मऊ पाण्याला सोकावलेली लालभडक रोटाला मॅक्रान्ड्रा त्यात रुसते. हायड्रिला आणि व्हॅलिस्नेरिया यांचे मात्र फावते, कारण जड पाण्यात विरघळलेल्या बायकार्बोनेटमधून त्या कार्बन घेऊ शकतात. या घेण्यात चुना सुटतो आणि पानांवर पांढुरका थर बसतो. बोट फिरवले की तो खरखरीत लागतो. नवखा माणूस त्याला रोग समजून औषध ओततो, ते फुकट जाते.

दोन फुटी टाकीत वाळू पुढे इंचभर, मागे तीन इंच ठेवली की उतार चांगला दिसतो. मागच्या एका कोपऱ्यात व्हॅलिस्नेरियाच्या लांब फिती लावाव्यात, म्हणजे फिल्टरच्या प्रवाहाबरोबर त्या एकाच दिशेने झुकतात. दुसरा कोपरा मोकळा सोडण्याचे धाडस फार थोडे जण करतात. सारी शोभा तिथेच असते. मधल्या दगडावर अनुबियास किंवा जावा फर्न दोऱ्याने बांधावी. तिचे आडवे खोड वाळूत पुरले तर कुजते. दगड शेतातलाच काळा पाषाण चालतो, पण त्याला चुनखडी चिकटलेली नको. शंका आली तर व्हिनेगरचे दोन थेंब टाकावेत. फेस आला तर दगड बाद.

खरी परीक्षा एप्रिल-मेमध्ये. पाण्याची वाफ होते, क्षार मागे राहतात आणि वर पुन्हा बोअरचेच पाणी ओतले की जडपणा चढत जातो. उडालेल्या पाण्याची भर आरओच्या जारने घालावी. गरम पाण्यात प्राणवायू कमी मावतो, आणि रात्री झाडेही तोच वापरतात. त्यामुळे दाट लावलेल्या टाकीत वीज गेली की पहाटे मासे पृष्ठभागावर येऊन तोंडे उघडू लागतात. उन्हाळ्यापुरती झाडे विरळ करून घ्यावीत. छाटलेला पाला विहिरीत किंवा माजलगाव धरणात टाकू नये; आज तळी गिळणारी जलपर्णीही दक्षिण अमेरिकेतून शोभेचे झाड म्हणूनच जगभर नेली गेली होती.