दोन पुंकेसरांचं कूळ

चैत्र-वैशाखात महाडजवळच्या दासगाव परिसरातल्या डोंगरउतारांवर कुसर फुलते. करवंदीच्या जाळीवर नाहीतर एखाद्या किंजळीच्या खोडावर चढलेली ही वेल एरवी हिरव्यात हिरवी मिसळून गेलेली असते. उन्हाळा तापला की मात्र ती पांढऱ्या फुलांच्या घोसांनी भरते आणि वाऱ्याच्या झुळकीबरोबर तिचा वास खाली वाटेपर्यंत येतो. फुलाची नळी बारीक, पाकळ्या अरुंद, सहापासून दहापर्यंत कितीही. पान रुंद, गुळगुळीत, टोकाला निमुळतं. कोकणात आणि सह्याद्रीच्या घाटांत ही वेल भरपूर आहे. कुणी तिला कुसर म्हणतं, कुणी कुसरी, तर कुणी रानमोगरा.

यातलं रानमोगरा हे नाव मला फार मोलाचं वाटतं. ज्यानं कुणी ते पहिल्यांदा ठेवलं, त्यानं दोन गोष्टी ओळखल्या होत्या. ही वेल दारातल्या मोगऱ्याच्या नात्यातली आहे आणि तरी ती मोगरा नाही. मद्रास इलाख्यात काम करणाऱ्या रॉबर्ट वाइट या स्कॉटिश वनस्पतिशास्त्रज्ञानं एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला तिला जॅस्मिनम मलबारिकम असं शास्त्रीय नाव दिलं, तेव्हा त्याचाही निष्कर्ष हाच होता: प्रजाती मोगऱ्याचीच, जाती वेगळी.

मोगऱ्याच्या नावाची वाट याहून वाकडी आहे. संस्कृतात तो मल्लिका. मराठीतला ‘मोगरा’ मुद्गरावरून आला. मुद्गर म्हणजे ठोकायचा लाकडी हातोडा; कपडे धुवायची मोगरीही त्याच घरातली. बटमोगऱ्याची घट्ट, गोल कळी हातात घेतली की हे नाव पटतं. जॅस्मिनम साम्बॅक या त्याच्या शास्त्रीय नावातला ‘साम्बॅक’ हा शब्द मात्र अरबीतून युरोपात गेला. अरबीत ‘झम्बक’ म्हणजे मोगरा-चमेलीच्या फुलांचं सुगंधी तेल. आपल्याकडच्या फुलाला लॅटिनमध्ये नाव मिळालं ते अत्तराच्या व्यापारातून.

1753 मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसनं ‘स्पीशीज प्लांटारम’ या ग्रंथात मोगऱ्याची नोंद केली, पण जॅस्मिनम या प्रजातीत नाही. त्यानं मोगऱ्याला पारिजातकाशेजारी बसवलं आणि निक्टॅन्थेस साम्बॅक म्हटलं. निक्टॅन्थेस म्हणजे रात्री फुलणारं. दोन्ही फुलं संध्याकाळी उमलतात, दोन्ही पांढरी, दोन्ही सुवासिक, तेव्हा कागदावर हे जुळण्यासारखं होतं. पुढे 1789 मध्ये लंडनच्या क्यू बागेच्या यादीत विल्यम एटननं मोगऱ्याला जॅस्मिनममध्ये आणलं. तेच नाव आजवर टिकलं: जॅस्मिनम साम्बॅक. निक्टॅन्थेसमध्ये पारिजातक राहिला.

ज्यांच्या परसात दोन्ही झाडं आहेत त्यांचा असा घोटाळा होणं कठीण. पारिजातकाचं झाड होतं, त्याच्या कोवळ्या फांद्या चौकोनी असतात, पान खरखरीत. फुलाचा देठ केशरी, आणि पहाटे सडा पडतो तेव्हा ते वेचायचं असतं, खुडायचं नसतं. फळ चपटं, आत दोन बिया. मोगऱ्याला आपल्याकडे सहसा फळच धरत नाही. दाब कलमानं नाहीतर फाटा लावून तो एका दारातून दुसऱ्या दारात जातो. कुसरीला मात्र फळ येतं, पिकल्यावर ते काळं होतं. तरीही लिनियसचा अंदाज अगदीच वाया गेला असं म्हणता येत नाही. आजच्या वर्गीकरणातही पारिजातक आणि मोगरा एकाच कुलातले आहेत, आणि मराठी विश्वकोशात त्या कुलाला पारिजातकाचंच नाव दिलं आहे. ऑलिव्हही त्याच कुलातला.

हे नातं घरबसल्या तपासता येतं. एकेरी फूल घ्यावं, नळी नखानं उभी चिरावी आणि पुंकेसर मोजावेत. मोगरा, जाई, जुई, कुंद, कुसर, पारिजातक, प्रत्येकात दोनच सापडतात. आता हीच परीक्षा अंगणातल्या इतर पांढऱ्या फुलांना लावून पाहा. अनंत फुलला की घरभर वास भरतो, आणि त्याच्या लॅटिन नावातच ‘जॅस्मिनॉइड्स’, म्हणजे जाईसारखा, असा शब्द आहे. पण तो कॉफीच्या कुळातला. तगरीला पाच पुंकेसर आणि पान तोडलं की चीक. रातराणीलाही पाच, ती वांग्या-मिरचीच्या घराण्यातली, मूळची अमेरिकेच्या उष्ण भागातली. कुंती लिंबाच्या कुळातली, तिला दहा. बुचाच्या झाडाला आकाशमोगरा म्हणतात, त्याचं लांब नळीचं फूल चार पुंकेसरांचं. मधुमालतीच्या नावात मालती असली तरी तिच्यातही दहा. इंग्रजीत यातल्या बऱ्याच झाडांना सरसकट ‘जॅस्मिन’चं शेपूट लावलेलं आहे. मराठीनं बहुतेकांना स्वतंत्र नाव दिलं, हे मला आपल्या भाषेचं मोठं शहाणपण वाटतं.

जाई आणि जुईच्या बाबतीत मात्र आपणच गोंधळ घालतो. दोन्ही नावं जोडीनं घ्यायची सवय इतकी जुनी आहे की पुष्कळांना ती एकाच वेलीची वाटतात. फुलावर जाऊ नका, पान पाहा. जाईचं पान संयुक्त: एका देठावर पाच, सात, कधी त्याहून जास्त पर्णिका, आणि टोकाची पर्णिका बरेचदा शेजारच्या जोडीला चिकटलेली. फूल पाच पाकळ्यांचं, कळीला बाहेरून गुलाबी झाक. जुईचं पान वरवर साधं, एकेरी दिसतं. देठाशी नीट पाहिलं तर दोन चिमुकल्या पर्णिका कानाच्या पाळ्यांसारख्या लटकलेल्या असतात. लिनियसचा डॅनिश शिष्य मार्टिन वाल यानं 1794 मध्ये तिला जॅस्मिनम ऑरिक्युलेटम म्हटलं, ते या कानांवरूनच. कधी कधी त्या इतक्या बारीक असतात की नसल्यातच जमा, तेव्हा एकाऐवजी पाच-दहा पानं पाहावीत.

जाई म्हणजे जॅस्मिनम ग्रँडिफ्लोरम. उत्तरेत तिला चमेली म्हणतात, आणि चमेलीचं तेल विकणाऱ्या दुकानांमुळे ते नाव आपल्याकडेही रुळलं. त्यामुळे चमेली ही तिसरीच वेल आहे असं समजून ती शोधणारे लोक भेटतात. जुन्या पुस्तकांत जाईसमोर जॅस्मिनम ऑफिसिनेल लिहिलेलं आढळतं, कारण बराच काळ तिला त्या जातीचा एक प्रकार मानत. फ्रान्समधल्या ग्रास गावात अत्तरासाठी ज्या वेलीचे मळे लावले गेले, ती हीच जाई. संस्कृतात तिचं नाव जाति; त्याची प्राकृतातून जाई झाली. जायफळ आणि जायपत्रीतला ‘जाय’ही त्याच ‘जाति’चा आहे, पण जायफळाच्या झाडाचा या वेलीशी काडीचाही संबंध नाही. सुगंधानं दोघांना एका शब्दाखाली आणलं.

उरला कुंद. पान एकेरी, मऊ लव असलेलं. फूल शुभ्र, वास अगदी मंद. तो थंडीत फुलतो, म्हणून अमरकोशानं त्याला माघ महिन्यावरून नाव दिलं आहे. 1768 मध्ये धाकट्या बर्मन या वनस्पतिशास्त्रज्ञानं त्याचीही निक्टॅन्थेसमध्येच नोंद केली होती, तिथून तो पुढे जॅस्मिनम मल्टिफ्लोरम झाला. फुलबाजारात कागडा नावानं जी फुलं येतात, ती याच जातीची. हार-वेण्या ओवणाऱ्यांना वासापेक्षा टिकाऊपणा आणि वजन महत्त्वाचं, म्हणून देवळातला कुंद बाजारात कागडा झाला. उलट बाजूला मोगरा पाहा. एकेरी मोगरा, बटमोगरा, हजारी मोगरा ही गावाला तीन झाडं. शास्त्राला तिन्ही जॅस्मिनम साम्बॅकच. कलमं करून जपलेले फरक गजरा करणाऱ्या हाताला लगेच कळतात, लॅटिन नावात त्यांना जागा नाही.

म्हणून गावातल्या नावांना अडाणी म्हणून बाजूला सारणं मला मुळीच पटत नाही. कोकणातल्या बायका फुलाची ओळख सांगताना आधी महिना सांगतात, मग वास, मग ते गजऱ्यात संध्याकाळपर्यंत टिकतं की नाही. हे सगळे गुण झाडाचेच आहेत. शास्त्र पुंकेसर आणि पान मोजतं, तेही झाडाचंच.

आणि शास्त्राची सुरुवात तरी कुठे झाली? मलबारचा डच गव्हर्नर राहिलेल्या हेन्ड्रिक व्हान ऱ्हीड यानं तयार करवलेल्या ‘हॉर्टस मलबारिकस’चे 12 खंड 1678 ते 1693 या काळात छापले गेले. त्यातली माहिती ईळवा वैद्य इट्टी अच्युतन आणि रंगभट, विनायक पंडित, अप्पूभट या तीन कोकणी वैद्यांकडून आली. या तिघांचं 1675 सालचं प्रमाणपत्र ग्रंथात नागरी लिपीत छापलेलं आहे. लिनियसनं हा ग्रंथ वारंवार आधाराला घेतला. पुढे पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्सचे प्राचार्य असलेल्या थिओडोर कुक यांनी 1901 ते 1908 या काळात मुंबई इलाख्याची वनस्पतिसूची छापली, तेव्हा त्यांनीही लॅटिन नावांसोबत देशी नावं नोंदवली. महाड-पोलादपूरकडच्या वेली ओळखायला आजही तो ग्रंथ काढावा लागतो.

दासगावात कुणी ही नावं गोळा करायला बसलं, तर माझं मागणं एवढंच: नुसतं ‘रानमोगरा’ लिहून थांबू नका. दुसऱ्या गावात त्याच नावानं दुसरीच वेल दाखवतील. नावाबरोबर महिना लिहा, वेल दारातली की रानातली ते लिहा, नाव सांगणाऱ्या बाईनं फुलाचं काय केलं तेही लिहा. आणि कागदांत दाबून ठेवायला फुलासोबत देठासकट दोन पानं घ्या.