मेणाचे नाक : सौंदर्याच्या सुईचा विसरलेला इतिहास

१/ इ.स. १८९९, व्हिएन्ना. क्षयरोगामुळे वृषण गमावलेल्या एका रुग्णाच्या शरीरात शल्यचिकित्सक रॉबर्ट गेरसुनी यांनी व्हॅसलीन टोचले. उणीव भरून निघाली. शस्त्रक्रियेविना शरीराला आकार देणारी युक्ती सापडली, अशी वैद्यकविश्वाची समजूत झाली.

२/ लवकरच पॅराफिनचाही वापर सुरू झाला. हे खनिज मेण उष्णतेने वितळते, शरीरात थिजते आणि शरीराला ते पचत नाही. त्यामुळेच ते निरुपद्रवी मानले गेले.

३/ मागणी मोठी होती. उपदंशाने अनेकांच्या नाकाचे हाड झडे. बसके नाक दिसताच समाज चारित्र्याचा निवाडा करून मोकळा होई. अशा रुग्णांना ही सुई वरदान वाटली. पाठोपाठ सुरकुत्या आणि खोल गालही तिच्या कक्षेत आले.

४/ ग्लॅडिस डीकन ही त्या काळची विख्यात सौंदर्यवती. ग्रीक शिल्पासारखे सरळ नाक हवे म्हणून तिने विशीतच नाकाच्या दांड्यात पॅराफिन भरून घेतले. कालांतराने ते मेण हनुवटीकडे ओघळले. १९२१ मध्ये ती मार्लबरोची डचेस झाली. १९७७ पर्यंत ती जगली; चेहरा मात्र पूर्ववत झाला नाही.

५/ इतरांच्या वाट्याला याहून भीषण भोग आले. टोचलेल्या मेणाभोवती वर्षानुवर्षांनी कठीण गाठी होत. त्यांना ‘पॅराफिनोमा’ असे नाव पडले. त्या काढताना निरोगी ऊतीही कापाव्या लागत. १९०३ मध्ये तर नाकातील पॅराफिनमुळे दोन्ही डोळ्यांची दृष्टी गेल्याची नोंद प्रसिद्ध झाली.

६/ हे कसे घडते? नाकाच्या व कपाळाच्या रक्तवाहिन्या डोळ्याच्या धमनीशी जोडलेल्या असतात. सुई रक्तवाहिनीत शिरली, की दाबाने द्रव्य उलट दिशेने सरकते आणि दृष्टिपटलाचा रक्तपुरवठा तुटतो.

७/ पॅराफिन मागे पडले. दुसऱ्या महायुद्धानंतर द्रवरूप सिलिकोनने तीच आशा दाखवली आणि तशाच गाठी मागे ठेवल्या. अमेरिकेत १९८१ मध्ये गाईच्या कातडीतील कोलॅजेनला, तर २००३ मध्ये हायलुरॉनिक आम्लाच्या फिलरला मान्यता मिळाली.

८/ हायलुरॉनिक आम्ल विकराने विरघळवता येते, ही मोठी प्रगती खरी. तरीही फिलरमुळे अंधत्व आल्याच्या घटना आजही नोंदल्या जातात आणि गेलेली दृष्टी क्वचितच परतते. सुईतील द्रव्य बदलत गेले. चेहऱ्यातील रक्तवाहिन्यांचा नकाशा १९०३ मध्ये होता तोच आहे.