मज्जारज्जूची इजा व मनाचा धसका : सातारा-सांगलीच्या इतिहासातील एक प्रश्न

सातारा तालुक्यातील अपशिंगे हे गाव 'मिलिटरी अपशिंगे' या नावाने ओळखले जाते. पहिल्या महायुद्धात या एका गावातील ४६ जण कामी आले. युद्धस्मारके मृतांची गणना करतात. पाठीत गोळी लागून कमरेखाली लुळे पडलेल्यांची स्वतंत्र नोंद त्यांत सहसा नसते. त्या काळी मज्जारज्जू तुटलेला मनुष्य बहुधा शय्याव्रण व मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग यांनी काही आठवड्यांत वा महिन्यांत दगावत असे. जो जगतच नाही त्याच्या मनाचे पुढे काय होते, हा प्रश्न वैद्यकापुढे उभा राहावयास अवकाशच नव्हता.

हा अवकाश दुसऱ्या महायुद्धात निर्माण झाला. नाझी जर्मनीतून १९३९ साली इंग्लंडात आश्रयास आलेले लुडविग गुट्मान यांनी १९४४ च्या फेब्रुवारीत स्टोक मॅण्डेव्हिल येथे अशा रुग्णांचे केंद्र उघडले. रुग्णास दर दोन तासांनी कुशीवर वळविणे हा त्यांच्या उपचाराचा अगदी साधा, परंतु प्राण वाचविणारा भाग होता. त्याच्या जोडीस त्यांनी कर्मशाळा व खेळ आणले. २९ जुलै १९४८ रोजी तेथे १६ जणांची धनुर्विद्येची स्पर्धा झाली आणि तीतूनच पुढे पॅरालिम्पिकची परंपरा वाढली. मनोविकाराचा प्रतिबंध हे नाव त्या वेळी कोणी या उद्योगास दिले नव्हते.

त्याच १९४४ साली मुरलीकांत पेटकर यांचा जन्म वाळवा तालुक्यातील पेठ येथे झाला. हा तालुका तेव्हा सातारा जिल्ह्यात होता. १९४९ मध्ये तो दक्षिण सातारा जिल्ह्यात गेला व १९६० मध्ये त्या जिल्ह्याचे नाव सांगली झाले. दोन्ही जिल्ह्यांनी त्यांना आपले म्हणावे, एवढा आधार यात खचित आहे. पेटकर सैन्यात मुष्टियोद्धे होते. १९६५ च्या युद्धात त्यांना गोळ्या लागल्या, पाठीच्या कण्यास इजा झाली व कमरेखालचे शरीर लुळे पडले. पुढे उपचार म्हणून त्यांना पोहण्याचा सल्ला मिळाला. १९६८ साली तेल अवीव येथे ते टेबल टेनिस खेळले. १९७२ साली हायडेलबर्ग येथे ५० मीटर पोहण्याचे अंतर त्यांनी ३७.३३ सेकंदांत कापले व भारतास पॅरालिम्पिकमधील पहिले सुवर्णपदक मिळवून दिले. पद्मश्री मात्र त्यांना २०१८ साली मिळाली. पदक आणि सन्मान यांमधील ही ४६ वर्षे पुष्कळ काही सांगून जातात.

या चरित्रावरून एक अनुमान घाईने काढले जाते, ते असे की, खेळात रमलेल्या मनास आघाताची बाधा होत नाही. हे अनुमान सदोष आहे. पदक जिंकणाऱ्याचे नाव टिकते. त्याच्या शेजारच्या खाटेवर रात्री दचकून उठणाऱ्याचे टिकत नाही. शिवाय जिंकणाऱ्याच्याही रात्री कोणी पाहिलेल्या नसतात.

आघातोत्तर तणावविकार ही संज्ञा अमेरिकेतील मनोविकारांच्या अधिकृत वर्गीकरणात १९८० साली आली. अनुभव अर्थातच त्याहून फार जुना. मराठीत 'धसका घेणे' व 'हाय खाणे' हे दोन वाक्प्रचार लोक सहज वापरतात, आणि त्यांतील भेद सूक्ष्म आहे. धसक्यात घडून गेलेली भयंकर गोष्ट पुन्हा घडेल अशी भीती राहते. हाय खाल्लेल्याची जगण्याची उमेदच सरते. पहिल्याचे नाते या विकाराशी, दुसऱ्याचे विषण्णतेशी अधिक जवळचे. मज्जारज्जूच्या रुग्णात दोन्ही एकत्र आढळू शकतात, म्हणून दोन्हींची विचारपूस वेगवेगळी करावयास हवी. परंतु दोन्ही वाक्प्रचारांत क्रियापद रुग्णाकडे कर्तेपण देते : धसका त्याने 'घेतला', हाय त्याने 'खाल्ली'. लष्करी परंपरेच्या गावात या व्याकरणाचा सूर सहजच दोषारोपाचा होतो व मनुष्य गप्प बसतो.

हे मौन मोडावे म्हणून अपघातानंतर लगेच सर्व हकीकत वदवून घेण्याची एक पद्धत १९८० नंतर पाश्चात्त्य देशांत रूढ झाली. तिने विकार टळत नाही, असे पुढील परीक्षणांत दिसून आले व २०१३ साली जागतिक आरोग्य संघटनेने ती वापरू नये असे सांगितले. तेव्हा आरंभी वेदनाशमन, झोप, सुरक्षिततेची खात्री व आप्तांचा सहवास यांवर भर द्यावा. दुःस्वप्ने व टाळाटाळ आठवडे उलटूनही राहिली, तर प्रशिक्षित मानसोपचारकाकडे न्यावे, हा मार्ग आज अधिक ग्राह्य ठरतो. सांगली-साताऱ्यात हा धोका आता रणांगणापुरता नाही. नारळाच्या झाडावरून, बांधकामाच्या पराच्यावरून, महामार्गावर दुचाकीवरून पडणाऱ्यांनाही तो आहे. त्यांच्या खाटेशी बसणारी बहुधा आई किंवा पत्नी असते. 'तुला काही झालेले नाही, उद्या चालशील' असे ती मायेने म्हणते, आणि पाय हलत नाहीत हे रुग्णास तिच्याआधी कळलेले असते. डॉक्टरांनी खरी स्थिती दोघांना एकाच वेळी, सोप्या मराठीत सांगितली, तर तिला हे वाक्य उच्चारण्याची पाळी येणार नाही.