खाट आणि जिना

‘पुनर्वसन’ हा शब्द आमच्या प्रभादेवीत उच्चारला, की लोकांच्या डोळ्यांसमोर आधी मोडकळीस आलेली चाळ आणि संक्रमण शिबिर उभे राहते. हृदयाचेही पुनर्वसन असते, आणि त्याचा इतिहास एका खाटेपासून सुरू होतो.

हृदयाच्या रोहिणीत गुठळी अडकूनही माणूस जगू शकतो, हे शिकागोच्या डॉ. जेम्स हेरिक यांनी १९१२ साली दाखवून दिले. दुखावलेला स्नायू भरून यावा म्हणून काही दिवस पूर्ण विश्रांती, असे त्यांचे सांगणे. पुढच्यांनी त्या दिवसांचे आठवडे केले. सहा-सहा आठवडे रोगी उताणा. घास भरवायलाही दुसऱ्याचा हात. पायांच्या शिरांत रक्त साकळे, गुठळी फुप्फुसात जाई, आणि हृदयविकारातून वाचलेला गृहस्थ विश्रांतीने मरे! गंमत अशी, की रोज अर्धा तास लाकडे कापून छातीची कळ जवळजवळ गेलेल्या रोग्याची नोंद विल्यम हेबर्डन या इंग्रज वैद्याने अठराव्या शतकातच करून ठेवली होती.

अखेर बोस्टनचे डॉ. सॅम्युएल लेव्हाइन आणि त्यांचे तरुण सहकारी बर्नार्ड लाउन यांनी रोग्यांना उचलून चक्क खुर्चीत बसवले. सहकाऱ्यांनी विरोध केला. पण रोगी सावरले. १९५२ साली त्यांनी हा अनुभव प्रसिद्ध केला. पुढच्याच वर्षी लंडनच्या डॉ. जेरी मॉरिस यांनी दुमजली बसच्या माणसांचा अभ्यास प्रसिद्ध केला. बसून असणाऱ्या ड्रायव्हरपेक्षा दिवसभर जिना चढणाऱ्या कंडक्टरला हृदयविकार कमी!

मात्र इस्पितळातून गेलेली खाट घरात राहिलीच. लहानपणी आमच्या चाळीत तिसऱ्या मजल्यावरचे एक गिरणी कामगार झटक्यातून वाचून घरी आले, ते पुन्हा जिना उतरलेच नाहीत. डॉक्टरांनी नव्हे, घरच्यांनी उतरू दिले नाही. प्रेमच ते, पण त्यात कामही गेले आणि माणसाचा धीरही. (घरातल्या बाईला झटका आला, तर ती आठवड्यात चुलीपुढे! तिच्या विश्रांतीची काळजी कुणाला?)

रुळांपलीकडे परळच्या के. ई. एम. रुग्णालयातल्या डॉ. के. के. दाते यांनी सहकाऱ्यांसह रक्तदाबाच्या रोग्यांना शवासन शिकवले आणि १९६९ साली त्याचे निष्कर्ष छापले. काहींचा दाब उतरला, काहींची औषधे कमी झाली. आता तुम्ही म्हणाल, हे पुन्हा आडवे पडणेच झाले! पण भिऊन पडून राहणे वेगळे आणि शिकून स्वस्थ पडणे वेगळे.

त्याच वाटेने पुढे २०१४ ते २०१८ या काळात देशातल्या २४ इस्पितळांतून ३,९५९ रोगी ‘योग-केअर’ या प्रयोगासाठी निवडले गेले. योगाने दुसरा झटका वा मृत्यू टळतो, असे त्यातून ठामपणे सिद्ध झाले नाही. उगाच दवंडी पिटू नये. पण योग शिकलेले लोक आपल्या पूर्वीच्या कामांकडे अधिक परतले.

इस्पितळातून घरी सोडण्याआधी रोग्याला आता जिना चढायला लावतात. शेजारी कोणीतरी जाणते माणूस असते. थोड्या पायऱ्या, मग थांबून नाडी मोजायची, मग पुढच्या.