गावरान कोंबडी (वर्धा जिल्हा)

वर्धा जिल्ह्यातील खेड्यांत परसात मोकळी हिंडणारी, उकिरडा उकरून पोट भरणारी देशी कोंबडी. विदर्भात तिला ‘गावरानी’ही म्हणतात. ही ठरीव जात नव्हे. एकाच खुराड्यात तांबडी, काळी, ठिपक्यांची आणि उघड्या मानेची कोंबडी सापडते. कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोकडे (स्थापना 1984) देशी जातींची अधिकृत नोंद असते. तीत वर्ध्याकडची गवळाऊ गाय आहे, महाराष्ट्र-गुजरात सीमेवरची बसरा कोंबडी आहे. वर्ध्याच्या कोंबडीचे वेगळे नाव नाही. नाव नसलेले ते सुधारायचे, असा समज त्यामुळे सहज रुजतो. वास्तविक ही सरमिसळच तिची ठेव आहे.

उघडी मान हे त्याचे ठळक उदाहरण. हे लक्षण देणारे जनुक प्रभावी असते. ते एकाच पालकाकडून आले तरी पिसारा साधारण पाचव्या हिश्श्याने घटतो, दोघांकडून आले तर सुमारे 40 टक्क्यांनी. अंगातली उष्णता लवकर बाहेर पडते. वर्ध्याचा मे महिना 45 अंशांच्या घरात जातो, तिथे दिसायला ओबडधोबड अशा या कोंबडीचे मोल वेगळे सांगायला नको.

दुसरा गुण खुडूक होण्याचा. व्यापारी अंड्यांची कोंबडी वर्षाला 300च्या आसपास अंडी देते, गावरान साधारण 50-60. कारण ती मध्येच अंडी घालणे थांबवून उबवायला बसते आणि पुढे पिलांमागे हिंडते. पोल्ट्रीवाल्याच्या हिशेबात हा दोष, म्हणून निवड करकरून तो काढून टाकला गेला. परसात मात्र 21 दिवसांत विजेवाचून, यंत्रावाचून पुढची पिढी निघते.

पाळीव कोंबडीचा मुख्य पूर्वज तांबडा रानकोंबडा. पिवळ्या कातडीचे जनुक मात्र भारतातल्या राखी रानकोंबड्याकडून आले, असे 2008 साली दिसून आले. परदेशी ब्रॉयलरच्या पिवळ्या पायांतही हा भारतीय वारसा आहे.

2019च्या पशुगणनेत देशातील परसातले कुक्कुटपक्षी सुमारे 31.7 कोटी भरले. 2012पेक्षा जवळजवळ 46 टक्के जास्त. या आकड्याने हुरळून जाऊ नये. हैदराबादची वनराजा, बंगळूरची गिरिराज अशा सुधारित कोंबड्याही परसातच वाढतात, आणि मोकळ्या कोंबड्याला कुंपण नसते. संकर होऊन दोन-चार पिढ्यांत गावरानीचे वजन वाढते, खुडूकपणा ओसरतो.

गावरान कोंबडीला रोग होत नाही, ही समजूत खोटी. राणीखेत, म्हणजे मानमोडी, आली की खुराडेच्या खुराडे रिकामे होते. लस स्वस्त आहे. पण कुपीत शंभर किंवा त्याहून जास्त मात्रा असतात, ती थंड ठेवावी लागते आणि कालवल्यावर थोड्याच तासांत संपवावी लागते. घरात पिले असतात सात.