शिळा आणि किंगरी : कचारगडच्या कथेचे लेखन, वाचन आणि समूहाचे स्वास्थ्य

मम्मटाने 'काव्यप्रकाशा'त काव्याची जी सहा प्रयोजने सांगितली त्यांपैकी 'शिवेतरक्षती', म्हणजे अमंगलाचा नाश, या प्रयोजनाकडे मराठी समीक्षेने फारशा गांभीर्याने पाहिलेले नाही. यश आणि उपदेश यांची चर्चा झाली. काव्यानंदावर तर ग्रंथच्या ग्रंथ लिहिले गेले. शिवेतरक्षतीपाशी आल्यावर मात्र सूर्याची स्तुती रचून व्याधिमुक्त झालेल्या मयूर कवीची आख्यायिका सांगायची आणि पुढे जायचे, असा शिरस्ताच पडून गेला. या आख्यायिकेत व्याधी कवीची, रचना कवीची आणि मुक्तीही कवीचीच आहे. अमंगल एखाद्या समूहालाच ग्रासून असेल, त्याची भाषा, त्याची नावे आणि त्याच्या उत्पत्तीची कथा दुसऱ्यांच्या ताब्यात गेली असेल, तर रचना कोणी करायची आणि मुक्ती कोणाची, हा प्रश्न तेथे उद्भवतच नाही. ('समाजस्वास्थ्य' हा शब्दही मराठीत र. धों. कर्वे यांच्या १९२७ ते १९५३ या काळातील मासिकामुळे एका विशिष्ट अर्थाने रूढ झाला. वाङ्मयविचारात तो शिरला नाही.)

पाश्चात्त्य विचाराची स्थिती या बाबतीत फार वेगळी नाही. १९१६ मध्ये सॅम्युएल क्रॉदर्स या अमेरिकन लेखकाने एका खुसखुशीत लेखात ग्रंथांनी रोग बरे करणाऱ्या चिकित्सालयाची कल्पना मांडली आणि ग्रंथोपचाराला इंग्रजीत आज रूढ असलेली संज्ञा दिली. १९८६ मध्ये जेम्स पेनेबेकर व सँड्रा बील यांनी महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना सलग चार दिवस आपल्या आयुष्यातील आघातांविषयी लिहावयास लावले आणि अशा लेखनाचा त्यांच्या पुढील काळातील प्रकृतीशी संबंध दाखवून दिला. हे लेखन एकांतातले होते. ते कोणी ऐकावे, ही त्यात अपेक्षा नव्हती. मयूर कवीपासून पेनेबेकरांच्या विद्यार्थ्यांपर्यंत लिहिणारा एकटा आहे. महाराष्ट्राच्या ईशान्य टोकावरील सालेकसा तालुक्यात मात्र याहून वेगळा असा एक व्यवहार गेल्या चार दशकांत घडला असून तो वाङ्मयेतिहासाच्या दृष्टीने तपासण्यासारखा आहे.

सालेकसा हा आज गोंदिया जिल्ह्यातला तालुका. १ मे १९९९ रोजी जिल्ह्याचे विभाजन होईपर्यंत तो भंडाऱ्यात होता. १९५६ पर्यंत हा सारा मुलूख जुन्या मध्य प्रांताचा व नंतर मध्य प्रदेशाचा भाग होता, आणि तेथील कारभार हिंदी-मराठी असा दुभाषी होता. हावडा-मुंबई लोहमार्ग येथून जातो. पूर्वेला डोंगरगडचा छत्तीसगडी मुलूख, उत्तरेला बालाघाट. गोंडी, पोवारी, छत्तीसगडी, झाडीबोली आणि हिंदी एकाच बाजारात ऐकू याव्यात आणि शाळेच्या पुस्तकात यांपैकी बहुतेकींचे नावही नसावे, अशी ही भूमी. याच तालुक्यात, दरेकसा-धनेगाव परिसरातील डोंगरात कचारगडची प्रचंड नैसर्गिक गुहा आहे. माघ पौर्णिमेच्या सुमारास येथे भरणाऱ्या यात्रेस महाराष्ट्राबरोबरच मध्य प्रदेश, छत्तीसगड, तेलंगण येथून गोंड समाज येतो. ही यात्रा आज पुरातन वाटत असली, तरी तिचे विद्यमान रूप १९८० च्या दशकात घडले आणि ते घडविण्यात लिहिणाऱ्या-वाचणाऱ्या माणसांचा वाटा मोठा होता, ही गोष्ट प्रस्तुत विवेचनात मध्यवर्ती आहे.

ही गुहा ज्या कथेमुळे तीर्थ ठरली त्या कथेचा छापील इतिहास मात्र सव्वाशे वर्षे आधी आणि भलत्याच ठिकाणी सुरू होतो. नागपूर येथील मिशनरी स्टीफन हिस्लॉप याने परधान गायकाकडून लिंगोचे दीर्घ गीत उतरवून घेतले. १८६३ मध्ये हिस्लॉप नदीत बुडून मरण पावला. त्याची टिपणे मध्य प्रांताचे चीफ कमिशनर रिचर्ड टेंपल यांनी संपादून १८६६ मध्ये प्रसिद्ध केली. गोंडी शब्द रोमन लिपीत आणि शेजारी इंग्रजी भाषांतर, असे त्या संहितेचे रूप आहे. पाचच वर्षांनी, १८७१ मध्ये, जेम्स फोर्सिथने आपल्या मध्य भारतावरील ग्रंथात हीच कथा लाँगफेलोच्या 'हायावाथा'च्या धर्तीवर पद्यात बसविली, म्हणजे गोंडांचा लिंगो अमेरिकन मूलनिवासींच्या इंग्रजी वेषात व्हिक्टोरियन वाचकाच्या दिवाणखान्यात जाऊन बसला. रसेल आणि हिरालाल यांचे जातिजमातींवरील चार खंड १९१६ चे. क्रॉदर्स ज्या वर्षी ग्रंथांचे औषधालय कल्पीत होता त्याच वर्षी ते निघाले, हा निव्वळ योगायोग असला तरी बोलका आहे. ज्यांची कथा होती त्यांच्यापैकी क्वचितच कोणी यांतील एखादे पान वाचले असेल. कथा छापली गेली, परंतु समूहाच्या हाती आली नाही. इकडे यजमानांकडे जाऊन वंशावळी आणि देवकथा गाणाऱ्या परधानांची वृत्ती क्षीण होत गेली. कथा कानांतून जात होती आणि डोळ्यांपुढे येत नव्हती, असा हा मधला काळ होय.

१८६६ च्या संहितेत कोंडले जाण्याचा प्रसंग कसा आला आहे, हे येथे नीट पाहिले पाहिजे. गोंड धवलगिरीवर राहतात. त्यांच्या अंगाच्या दुर्गंधीने महादेव त्रस्त होतो, आणि त्यांना गुहेत कोंडून तोंडावर शिळा बसवितो. निसटलेले चौघे काचीकोपा लोहगडाकडे पळतात. पुढे लिंगो अवतरतो, महादेवाने घातलेली अवघड अट पुरी करतो आणि मग महादेव कोंडलेल्यांना सोडतो. कोंडणारा आणि सोडणारा येथे एकच आहे. लिंगोला मध्यस्थाची भूमिका आहे. कोंडलेल्यांना तर कसलीच भूमिका नाही. त्यांचा अपराधही असा, की तो कृत्याचा नसून देहाचा आहे. अस्वच्छता हे कोंडण्याचे कारण म्हणून नोंदविणारी ही संहिता एका मिशनऱ्याच्या लेखणीतून आणि एका प्रशासकाच्या संपादनातून आली, याकडे दुर्लक्ष करता येत नाही. अर्थात परधानाने स्वतः तसे गाइले नसेलच असेही म्हणता येत नाही. याच गीतात आणखी एक प्रसंग आहे. लिंगो वाद्य वाजवू लागतो तेव्हा त्याला मारावयास आलेला वृद्ध रिकाड गवाडी आणि त्याची म्हातारी बायको वैर विसरून नाचू लागतात. संगीताने वैर विरघळते, हा विश्वास त्या गीतात होताच. शिळेच्या प्रसंगापर्यंत तो पोचलेला नव्हता.

तो तेथपर्यंत पोचतो मोतीरावण कंगाली यांच्या लेखनात. कंगाली (१९४९-२०१५) हे नागपूरला रिझर्व्ह बँकेत नोकरी करीत गोंडी भाषा आणि धर्मपरंपरा यांचा अभ्यास करणारे संशोधक. 'पारी कुपार लिंगो गोंडी पुनेम दर्शन' या हिंदी ग्रंथात त्यांनी कोया पुनेमची सुसंगत मांडणी केली आणि काचीकोपा लोहगड म्हणजेच कचारगड असे प्रतिपादन केले. या मांडणीत गुहेत कोंडली गेली आहेत ती कली कंकालीची तेहतीस मुले. ती अनावर आणि खोडकर आहेत, म्हणून शंभू त्यांना कोंडतो. जंगो रायताड आणि लिंगो त्यांच्या सुटकेसाठी झटतात. सुटकेचे साधन ठरतो हिरासुका पाटालीर हा वादक. तो गुहेबाहेर किंगरी वाजवितो, त्या स्वरांनी आतल्या मुलांच्या अंगी बळ संचरते आणि ती मुले आतून रेटा देऊन शिळा ढकलतात. ती शिळा कोसळते हिरासुकाच्याच अंगावर, आणि वादक मरतो.

दोन संहितांतील हा फरक केवळ तपशिलाचा नाही. दुसरीत शिळा हलविण्याचे बळ कोंडलेल्यांचे आहे. बाहेरून येतो तो फक्त स्वर. देहाच्या दुर्गंधीचे कारण गळून तेथे बाल्याचा अनावरपणा आला आहे. आणि कलावंताला त्याच्या कृतीची किंमत चुकवावी लागते. कलेने समूह बरा होतो असे म्हणणाऱ्या गोड सिद्धान्तांत सहसा न आढळणारी ही बाजू आहे. १८६६ ची संहिता छापून आधी आली म्हणून ती 'मूळ' आणि कंगालींची 'रचलेली', असा निवाडा करण्याचा मोह येथे टाळला पाहिजे. मौखिक परंपरेत प्रत्येक गायन हे एक पाठांतर असते, छापखाना त्यांपैकी एकाला गोठवितो इतकेच. तरीही कंगालींच्या लेखनात निवड आहे, जुळणी आहे, आणि या दृष्टीने ते सर्जनशील लेखन आहे, असे म्हणण्यास प्रत्यवाय नसावा. स्वतःच्या कोंडले जाण्याची कथा स्वतः पुन्हा सांगणे, हा त्याचा गाभा होय.

हे लेखन एकाकी नव्हते. १९७९ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातील भद्रावती येथे पहिले आदिवासी साहित्य संमेलन भरले. ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात वाहरू सोनवणे यांचा 'गोधड', विनायक तुमराम यांचा 'गोंडवन पेटले आहे' आणि पाठोपाठ भुजंग मेश्राम यांचा 'ऊलगुलान' हे काव्यसंग्रह आले. याच दशकात सुन्हेरसिंह ताराम (निधन २०१८) यांनी 'गोंडवाना दर्शन' हे मासिक हिंदीतून चालविले. मराठीत कविता लिहिणाऱ्या उषाकिरण आत्राम यांचा या मासिकाशी निकटचा संबंध होता. आत्राम यांच्या कवितेतील स्त्री ही सोसणारी जशी आहे तशी जाब विचारणारीही आहे. जंगो रायताडच्या कथेला मराठीत वारस लाभला तो येथे, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. कंगाली, ताराम आणि त्यांचे सहकारी थोड्याशा माणसांनिशी कचारगडला जाऊ लागले. त्या वाटेची यात्रा झाली. ग्रंथात वाचलेली जागा पायांनी शोधणे आणि तेथे कथा मोठ्याने सांगणे, हा तिचा आरंभीचा विधी होय. यात्रेत आज गोंडी पुस्तके आणि दिनदर्शिका विकल्या जातात. ज्याला वाचता येत नाही तोही गुहेच्या तोंडाशी उभा राहून ती शिळा कोणती हे विचारतो. लेखन, श्रवण आणि चालणे यांची येथे फारकत झालेली नाही. एकांतातल्या मूक वाचकावर उभारलेल्या आपल्या आस्वादमीमांसेला हा वाचक अनोळखी आहे.

तथापि समूहवाचन विदर्भाला नवीन नव्हते, हेही लक्षात घ्यावे लागेल. तुकडोजी महाराजांची 'ग्रामगीता' १९५५ मध्ये प्रसिद्ध झाली; तिच्या एकेचाळीस अध्यायांत ग्रामआरोग्याला स्वतंत्र अध्याय आहे आणि शेवटचा अध्याय ग्रंथमहिम्याचा आहे. गुरुदेव सेवा मंडळाच्या सामुदायिक प्रार्थनेने आणि ग्रामगीतेच्या वाचनाने कितीतरी खेड्यांत संध्याकाळी माणसे एकत्र बसली, व्यसनमुक्ती आणि ग्रामसफाई यांची भाषा खेड्याच्या तोंडी रुळली. हे कार्य लहान नाही. परंतु ग्रामगीता वाचकाला कर्तव्ये देते, तर कचारगडची कथा त्याला पूर्वज देते. ज्याला आपण कोण हे ठाऊक आहे त्याला कसे वागावे हे सांगता येते. ज्याचे 'कोण' हेच दुसऱ्यांनी लिहून ठेवले आहे, त्याला आधी ते पान परत हवे असते. ओवीची शुद्ध मराठी सालेकशाच्या गोंडीभाषकापर्यंत उपदेश म्हणून पोचली. आपली गोष्ट म्हणून ती पोचली काय, याविषयी शंका घेण्यास जागा आहे.

कंगालींच्या लेखनाविषयीही शंका घेतल्या पाहिजेत. सिंधू लिपीचे गोंडीच्या आधारे वाचन करण्याचा त्यांचा प्रयत्न भाषाशास्त्राच्या कसोटीला उतरत नाही. स्थलनामांच्या अनेक व्युत्पत्ती ध्वनिसाम्यावर भिस्त ठेवतात. त्यांच्या समर्थकांना ही टीका समूहावरचा आघात वाटते, आणि टीकाकारांना ही मांडणी मुळात वाङ्मयच वाटत नाही. दोघेही एकच चूक करतात. कथेचे स्वास्थ्यदायी सामर्थ्य तिच्या ऐतिहासिक पुराव्यावर अवलंबून आहे, असे दोघांनीही गृहीत धरले आहे. हिरासुकाची किंगरी खोदकामात सापडण्याची गरज नाही. उलट, समूहाचा स्वाभिमान कच्च्या व्युत्पत्तीला बांधला तर ती व्युत्पत्ती कोसळेल त्या दिवशी स्वाभिमानही दुखावेल, हा धोका लिहिणाऱ्यांनीच ओळखावयास हवा. मराठी समीक्षेने आदिवासी लेखनाचे भिडस्त कौतुक केले, परंतु असे परखड वाचन क्वचितच केले. आणि परखड वाचन न मिळणे हीदेखील उपेक्षाच असते.

राहता राहिला भाषेचा प्रश्न, आणि तो सर्वांत अवघड आहे. २०११ च्या जनगणनेनुसार देशात गोंडीभाषकांची संख्या सुमारे २९ लाख ८४ हजार आहे. त्यांच्या मुलखाच्या प्रशासकीय सीमा अनेक राज्यांत विभागल्या आहेत, आणि राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत गोंडी नाही. महाराष्ट्राने १९६७ मध्ये सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा केला, पुढे २०१७ मध्ये सातारा जिल्ह्यातील भिलारला पुस्तकांचे गाव वसविले. या दोन्ही योजनांमागे पुस्तक वाचकापर्यंत नेण्याची सदिच्छा होती. परंतु दोन्हींत पुस्तकाची भाषा आणि वाचकाची भाषा एकच असणार, हे गृहीतच होते. सालेकशात ते गृहीत धरता येत नाही. कंगाली आणि ताराम यांनी हिंदी निवडली ती चार राज्यांतील गोंडांना जोडण्यासाठी. आत्राम, मेश्राम आणि तुमराम यांनी मराठी निवडली ती मराठी समाजाशी वाद घालण्यासाठी. एका निवडीत समूह आतून जोडला गेला, दुसरीत तो बाहेरच्यांना ऐकू आला. सालेकशातल्या शाळेत मराठी पाठ्यपुस्तक वाचणाऱ्या गोंड मुलाच्या वाट्याला या दोन्ही गोष्टी भाषांतरातूनच येतात. लिंगोचे जे गीत १८६६ मध्ये गोंडी शब्दांत छापले गेले, ते त्याच्या आजीच्या भाषेत आहे, आणि लिपी रोमन आहे.